फ्लॉपीवरच्या एकमेकींना जोडलेल्या टेक्स्ट फायली: वाचायच्या कशा, वाढवायच्या कशा?

गिरगावची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, त्यामुळे विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझे सासरे, अप्पा. वय ८३, बेस्टमधून निवृत्त. १९९०च्या आसपास त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर जुन्या मुंबईबद्दल टिपणं लिहायला घेतली. ट्रामचे मार्ग, गिरगावातल्या वाड्या, गिरण्या, बंदरं, तलाव, काय वाट्टेल ते. भाषा मराठी, पण लिपी रोमन, कारण घरी दुसरी सोय नव्हती. फ्लॉप्यांवरचं सगळं भाच्याने पेनड्राइव्हवर उतरवून दिलंय. तीनेकशे फायली आहेत, सगळ्या साध्या टेक्स्ट.

गंमत अशी की मजकुरात मध्येच टोकदार कंसात दुसऱ्या फाइलचं नाव येतं. इथे देवनागरी करून देते:

*१८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून, दुसरा <बोरीबंद> हून, दोन्ही <पायधुणी> पर्यंत. विजेची ट्राम १९०७, त्यासाठी <विजट्राम> पहा.*

अप्पांना विचारलं तर म्हणाले, "कंसावर जाऊन कळ दाबायची, ती फाइल उघडते. दुसरी कळ दाबली की परत." प्रोग्राम कुठला? "तो कॉम्प्युटरच भंगारात गेला, प्रोग्रामचं काय घेऊन बसलीस!"

तर हे कशात वाचत असतील, आज माझ्या लिनक्स लॅपटॉपवर तसंच उड्या मारत वाचता येईल का, आणि मुख्य म्हणजे अप्पांना अजून लिहायचंय, तर नव्या फायली जोडायच्या कशा? अटी त्यांच्या: इंटरनेट नको, माउस नको (हात थरथरतो), आणि "माझ्या फायलींना कुणी हात लावायचा नाही."

---

खिडकीची_जागा

तीनशे फायली! अप्पांना साष्टांग. मला यातलं ओ की ठो कळत नाही, तरी वाचत बसणार.

---

सातबारा

सगळ्या फायली वर्डमध्ये एकाखाली एक चिकटवा आणि शोधा. विषय संपला.

---

मोडेम_मावशी

विषय संपला नाही हो, सातबारा. चिकटवल्यावर तीनशे टिपणांचं एक बाड होईल आणि अप्पांनी कुठून कुठे जायचं म्हणून ठेवलेली वाट पुसली जाईल. तीच तर त्यांनी वर्षानुवर्षं बांधलीय.

सूनबाई, टोकदार कंसात फाइलचं नाव ही मॅक्सथिंक कंपनीच्या नील लार्सनने काढलेली पद्धत. हायपररेझ नावाचा त्याचा छोटा प्रोग्राम होता, मेमरीत दडून बसणारा, त्या काळी ज्याला टीएसआर म्हणायचे त्या जातीचा. शेअरवेअर फ्लॉप्यांवरून असलं बरंच काही आपल्याकडे यायचं. अप्पांच्या हातात तो किंवा त्याचा कुणी भाऊबंद पडला असणार.

यातली खुबी अशी की दुवा म्हणून फाइलमध्ये वेगळं काहीच नसतं. कंस, कंसात नाव, झालं. कुठल्याही एडिटरमध्ये लिहा, वाचणारा प्रोग्राम कंस ओळखतो आणि त्या नावाची फाइल समोर टाकतो. याउलट विंडोज ३.१ची हेल्प फाइल आठवा. मी ऑफिसात त्या केल्यात. वर्डमध्ये दुव्याच्या शब्दाखाली दुहेरी रेघ, त्याला चिकटून लपवलेल्या अक्षरांत मुक्कामाचं नाव, प्रत्येक पानाला # आणि $ची तळटीप, मग सगळं आरटीएफ करून हेल्प कंपायलरमध्ये ढकलायचं. मूळ आरटीएफ हरवली की तयार फाइल नुसती वाचत बसा, दुरुस्ती विसरा.

अप्पांच्या फायली तीस वर्षांनी जशाच्या तशा उघडतायत त्या यामुळेच. प्रोग्राम गेला तर गेला.

---

फास्ट_लोकल

मावशी, काय आठवण काढलीत!

सूनबाई, माझं मत लिंक्स. (लिनक्स नव्हे. लिंक्स, नुसता मजकूर दाखवणारा ब्राउझर.) १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यात विद्यार्थ्यांचं स्वस्तातलं शेल खातं होतं. चित्रं नाहीत, माउस नाही, काळ्या पडद्यावर अक्षरं. माझं अख्खं कॉलेज लिंक्सवर गेलं. खालचा बाण दाबला की पुढचा दुवा उजळतो, वरचा दाबला की मागचा. उजव्या बाणाने आत, डाव्या बाणाने परत. बॅकस्पेस दाबा, आतापर्यंत कुठून कुठून आलात त्याची यादी. तिरकी रेघ दाबून शब्द शोधा. अप्पांना चारच बाण लागतील. थरथरत्या हाताला याहून सोपं काय असणार?

इंटरनेट लागतच नाही. मुळात कॅन्सस विद्यापीठात १९९२मध्ये लिंक्स झाला तो विद्यापीठातली माहिती वाचायला, वेबसाठी नव्हे. दुव्यांची त्याची स्वतःची वेगळी पद्धत होती, एचटीएमएल, म्हणजे वेबपानांची भाषा, त्याला नंतर शिकवली. आपल्या डिस्कवरच्या फायलीही तो तितक्याच खुशीत उघडतो.

काम एवढंच: कंसांचे एचटीएमएल दुवे करायचे. सेड या शोधून-बदलणाऱ्या कमांडची एक ओळ. मूळ फायली तशाच ठेवा, दुसऱ्या फोल्डरमध्ये प्रती बनवा, म्हणजे "हात लावायचा नाही" ही अटही पाळली जाईल.

---

पार्ल्याचा_विम

फास्ट लोकल, वाचायला ठीक. पण अप्पांना *लिहायचंय*. प्रत्येक नव्या ओळीनंतर सून येऊन सेड चालवणार का? दोन फोल्डर झाले की दोन सत्यं झाली, हे मी ऑफिसात पुरेपूर भोगलंय.

विम हा एडिटर वापरा. फायली आहेत तशा राहू द्या. कर्सर कंसातल्या नावावर न्या, जी आणि एफ दाबा, ती फाइल उघडते. परत यायला कंट्रोल-ओ. विम <> या खुणांना फाइलच्या नावाचा भाग मानतच नाही, त्यामुळे कंसाच्या आतलं नाव बरोबर उचलतो. एक्स्टेन्शन लिहिलेलं नसेल तर 'सफिक्सेसअ‍ॅड' ही सेटिंग एकदा करून ठेवा.

आणि नवीन फाइल? आधी दुवा लिहायचा, मग फाइल जन्माला घालायची. अस्तित्वात नसलेल्या नावावर जीएफ अडतो. तिथे विसर्गचिन्ह, ई, मोकळी जागा आणि टोकदार कंसात सीफाइल असं द्या, त्या नावाची कोरी फाइल समोर येते. लिहा, सेव्ह करा. ही आज्ञा एका कळीला बांधून द्या, म्हणजे अप्पांना पाठ करायला नको.

---

खिडकीची_जागा

८३ वर्षांच्या माणसाला विम? बाहेर कसं पडायचं ते कोण सांगणार? :))

---

पार्ल्याचा_विम

बाहेर पडायचंच कशाला.

---

कंट्रोल_एक्स_कंट्रोल_सी

ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरचं नाव कुणी काढत नाही हे पाहून आलो.

इन्फो. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची सगळी माहितीपुस्तकं १९८०च्या दशकापासून यातच आहेत. अक्षरशः टेक्स्ट फाइल. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक ओळ: या पानाचं नाव, पुढचं, मागचं, वरचं. एन दाबला की पुढे, पी मागे, यू वर, एल जिथून आलात तिथे. फुली, नाव आणि दोन विसर्गचिन्हं एवढं लिहिलं की मेनूतली ओळ तयार:

\* पायधुणी::

वाचणारा कधी हरवत नाही, कारण "वर" नेहमी असतो.

---

मोडेम_मावशी

इन्फोबद्दल आदर आहे, पण ते पुस्तक आहे. धडा, पोटधडा, पुढे, मागे. अप्पांच्या फायलींना "पुढचं पान" कुठलं? पायधुणीच्या पुढे काय येतं, भेंडीबाजार की घोड्याची ट्राम? अप्पा ट्रामवरून गिरणीत जातात, गिरणीवरून चाळीत, चाळीवरून गणपतीत. हे जाळं आहे, त्याला झाडावर चढवू नका.

हरवण्याचा मुद्दा मात्र खरा. जेफ कॉंकलिनने १९८७मध्ये 'आयईईई कॉम्प्युटर'मध्ये त्या वेळच्या हायपरटेक्स्ट, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या मजकुराच्या, प्रणालींचा लेखाजोखा मांडला होता. दुखणी दोन सांगितली होती: वाचणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं, आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यावर दुवे सांभाळण्याचं जादा ओझं येतं. पहिल्यावर अप्पांनी काय उपाय केला होता ते बघायला आवडेल. सूनबाई, प्रत्येक फाइलची पहिली ओळ काय आहे?

---

अर्धा_चहा

एवढी कुटाणा कशाला? ऑब्सिडियन हा टिपणांचा प्रोग्राम टाका. दुहेरी चौकटी कंसात नाव लिहिलं की दुवा, फाइल साधी टेक्स्टच, वर कोण कोणाला जोडलंय त्याचा नकाशाही दिसतो. नाव लिहून दुवा करायची युक्ती विकीवाले १९९५पासून वापरतायत.

---

फास्ट_लोकल

अर्धा चहा, पर्याय वाईट नाही. पण टोकदार कंसांचे चौकटी करावे लागतील, म्हणजे "हात लावायचा नाही" मोडलं. आणि तो नकाशा दिसायला छान, त्यात वाट सापडलेला माणूस मला अजून भेटायचाय.

---

बंदरावरचा

अवांतर: ट्राम १९६०ला बंद झाली ना? वडील सांगायचे.

---

माटुंगा_रोड

नाही हो. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४, बोरीबंदर ते दादर. दादर टीटीतलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी टॅक्सीवाल्याला अजून दादर टीटीच सांगतो आपण.

---

बंदरावरचा

अच्छा! मग बस कधीपासून?

---

माटुंगा_रोड

१५ जुलै १९२६. अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. डबलडेकर बस १९३७. डबलडेकर ट्राम त्याच्याही आधी, १९२०.

---

सातबारा

ट्रामचा वेगळा धागा काढा, राव. इथे तिकीट फाइलचं आहे.

---

गिरगावची_सून

बाप रे, किती प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

विम टाकला. पार्ल्याचा विम, तुम्ही सांगितलं तसं केलं आणि <विजट्राम>वर जीएफ दाबल्यावर खरंच फाइल उघडली! अप्पा मागे उभे होते, म्हणाले, "हां, हेच." बाकी काही बोलले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले.

मावशी, प्रत्येक फाइलची पहिली ओळ अशी: *<सूची> <वरचीफा>* आणि मग शीर्षक. म्हणजे कुठूनही सूचीला परत.

पण दोन अडचणी. एक, बरेच दुवे "फाइल सापडत नाही" म्हणतात, जरी फाइल समोर आहे. दोन, साधारण चाळीस फायली विचित्र आहेत. त्यांत जवळजवळ प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर बिघडलंय. ए अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ, आय अक्षराचं भलतंच काहीतरी झालंय. आणि कंस बंद होतो तिथे > च्या जागी ¾ दिसतं! पाऊण! सगळीकडे नाही, काही ठिकाणी कंस नीट आहे. फ्लॉपी खराब झाली असेल का?

---

खिडकीची_जागा

अप्पांनी मध्येच फ्रेंचचा क्लास लावला होता का?

---

पार्ल्याचा_विम

पहिल्या अडचणीचं उत्तर सोपं. डॉसला, म्हणजे अप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या प्रणालीला, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखीच, लिनक्सला नाहीत. फाइलचं नाव कॅपिटलमध्ये उतरलंय आणि कंसातलं स्मॉलमध्ये, असं दिसेल बघा. फायलींची नावं एकजात स्मॉल करून टाका. मजकुराला हात लागत नाही. कंसातलं नाव कॅपिटल असेल तिथे विमला 'इन्क्लूडएक्सप्र' सेटिंगमध्ये सांगता येतं की फाइल सापडली नाही तर नाव स्मॉल करून शोध. पाऊणचं कोडं मात्र मला सुटत नाहीये.

---

मोडेम_मावशी

पाऊण! सूनबाई, फ्लॉपी ठणठणीत आहे. हा वर्डस्टार आहे, त्या काळचा टायपिंगचा प्रोग्राम.

हिशेब बघा. ¾ या खुणेचा क्रमांक १९०. त्यातून १२८ वजा करा, उरले ६२. आणि ६२ म्हणजे > ही खूण.

अ‍ॅस्कीची, म्हणजे रोमन अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जुन्या पद्धतीची, अक्षरं ० ते १२७मध्येच बसतात, त्यांना सात बिट पुरतात. बाइटमधला आठवा बिट रिकामा. वर्डस्टारने तो रिकामा बिट स्वतःच्या कामाला घेतला. 'डॉक्युमेंट' प्रकारात फाइल उघडली तर ओळी बसवताना तो शब्दाच्या शेवटच्या खुणेचा आठवा बिट चढवून ठेवायचा, म्हणजे पुढे समास सरळ करायला शब्द कुठे संपतो ते त्याला कळायचं. बिट चढला की क्रमांकात १२८ची भर. शब्दाच्या शेवटचा ए ९७चा २२५ होतो, तो आजच्या पडद्यावर तिरक्या रेघेचा दिसतो.

आता ताडून बघा: जिथे कंसानंतर *मोकळी जागा* आहे तिथे पाऊण दिसेल. जिथे कंसाला चिकटून पूर्णविराम किंवा स्वल्पविराम आहे तिथे कंस नीट असेल आणि तो विराम बिघडलेला असेल. बरोबर?

दुवेवाल्या फायली नेहमी 'नॉन-डॉक्युमेंट' प्रकारात लिहायच्या असत. वर्डस्टारच्या पहिल्या पडद्यावर डी दाबला तर डॉक्युमेंट, एन दाबला तर नॉन-डॉक्युमेंट. एका कळीचा फरक.

---

गिरगावची_सून

मावशी!!! अगदी तस्संच आहे! पूर्णविराम लागलेले सगळे कंस नीट आहेत.

अप्पांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्या चाळीस फायली त्यांच्या ऑफिसातल्या मित्राने टाइप करून दिल्या होत्या, आणि त्यांतले दुवे *तेव्हाही* उघडत नव्हते. मित्राला तीस वर्षं बोल लावत होते, आता फोन करायला उठलेत.

---

फास्ट_लोकल

हा प्रतिसाद वाचनखुणांत. मावशी, दंडवत.

सूनबाई, दुरुस्ती टीआर कमांडने करा, अष्टमान पद्धतीत:

टीआर '\२००-\३७७' '\०००-\१७७'

(आकडे अर्थातच रोमन टाइप करा, इथे मराठीत लिहिलेत म्हणून तसेच चिकटवू नका.) वरचे १२८ क्रमांक खालच्या १२८वर उतरतात. फाइलच्या शेवटी कंट्रोल-झेडची रांग दिसेल, तीही काढून टाका, वर्डस्टार १२८ बाइटचा ठोकळा भरायला ती लावायचा.

---

कंट्रोल_एक्स_कंट्रोल_सी

थांबा थांबा. ती कमांड *फक्त* त्या चाळीस रोमन फायलींवर चालवा. उद्या अप्पांनी देवनागरीत काही लिहिलं आणि त्याच फोल्डरवर ही फिरवलीत तर सगळं मातीत. युटीएफ-८मध्ये, म्हणजे आजच्या सर्व लिप्यांच्या अक्षरपद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि तिन्ही बाइट १२८ किंवा त्याच्या वरचे. टीआर एकालाही सोडणार नाही, आणि पूर्ववत करायचा मार्ग नाही. आधी प्रत काढा, मग हात घाला.

आणि देवनागरीचा विषय निघालाच आहे तर: बऱ्याच टर्मिनलांत विममध्ये मराठी वाचणं म्हणजे शिक्षा. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, जोडाक्षरं फुटलेली. ईमॅक्सच्या स्वतःच्या खिडकीत २७व्या आवृत्तीपासून हार्फबझ हा अक्षरं जुळवणारा भाग आहे, जोडाक्षरं नीट बसतात. कर्सरखालची फाइल उघडायची सोय तिथेही आहे. मी काही म्हणत नाही.

---

पार्ल्याचा_विम

हे बरोबर आहे आणि मला ते मान्य करायला आवडत नाहीये.

---

अर्धा_चहा

एक राहिलंच. पायधुणीच्या फाइलमधून कुठे जायचं ते कळतं. पण पायधुणीकडे *कोण कोण* बोट दाखवतंय ते अप्पांना कसं कळत होतं? ऑब्सिडियनमध्ये तेही दिसतं, म्हणून विचारतोय.

---

मोडेम_मावशी

फार जुनं भांडण उकरलंत. हायपरटेक्स्ट हा शब्द १९६५मध्ये छापून आणणाऱ्या टेड नेल्सनचा आग्रहच होता की दुवा दोन्ही बाजूंनी दिसला पाहिजे. टिम बर्नर्स-लीने वेब एकतर्फी दुव्यावर उभं केलं: मी तुझ्याकडे बोट दाखवीन, तुला कळवायची गरज नाही. त्याने वेब भराभर वाढलं, आणि मेलेल्या दुव्यांचा खचही तिथूनच पडला. साउदॅम्प्टनला वेंडी हॉल यांच्या मायक्रोकॉझममध्ये तर दुवे मजकुरात नसतच, वेगळ्या साठ्यात असत. "पायधुणी" हा शब्द एकदा जोडला की कुठल्याही कागदात आला तरी तो दुवा.

अप्पांचे दुवे एकतर्फी आहेत, पण सगळा संसार एका फोल्डरमध्ये मावतो. ग्रेप या शोधायच्या कमांडने <पायधुणी शोधलं की ज्या फायली तिकडे बोट दाखवतात त्यांची यादी मिळते. बंद होणारा कंस मुद्दाम लिहिलेला नाही, पाऊणवालेही सापडतील.

---

गिरगावची_सून

हे अप्पांना विचारलं. त्यांनी मला बसवून उत्तर सांगितलं, जसंच्या तसं टाइप करतेय:

"मंडळींना नमस्कार. विश्वकोशात नोंदीच्या शेवटी 'पहा :' असतं, ते मी घेतलं. पण ते पुढचं झालं. मागचं मी वहीत ठेवत होतो. एका पानावर एक फाइल, तिच्याकडे येणाऱ्यांची नावं खाली. फाइलचं नाव बदललं की वही उघडायची, ज्या ज्या फायलीत ते नाव आहे तिथे बदलायचं, मग वहीत बरोबरची खूण. कॉम्प्युटरला हे तेव्हा जमत नव्हतं असं नाही, माझा विश्वास नव्हता.

एक फाइल एका पडद्यात बसली पाहिजे, पंचवीस ओळी. मावली नाही तर दोन विषय आहेत, तोडा. एका पडद्यावर तीनचार कंसांच्या वर नकोत, वाचणारा वाचायचं सोडून उड्याच मारत बसतो. आणि कंसाच्या आधी काय मिळेल ते लिहायचं. 'अधिक माहितीसाठी इथे' असं लिहिणाऱ्याला मी नापास करीन. बसच्या पाटीवर शेवटचा थांबा लिहितात, 'ही बस पुढे जाते' असं लिहीत नाहीत.

ग्रेप म्हणजे काय ते सुनेने दाखवलं. चांगलं आहे. वहीशी ताडून पाहतोय. आतापर्यंत वहीत दोन नावं जास्त निघाली, म्हणजे दोन फायली फ्लॉपीवरून उतरलेल्या नाहीत. भाच्याला सांगितलंय."

---

माटुंगा_रोड

अप्पा, नमस्कार! दादर टीटीची फाइल आहे का? असली तर इथे डकवाल का?

---

फास्ट_लोकल

पंचवीस ओळींचा नियम भिंतीवर लावतो. आमच्या ऑफिसच्या विकीत एकेक पान खाली सरकवता सरकवता चहा थंड होतो.

लिंक्सचा हट्ट मी मागे घेत नाही, फक्त जागा बदलतो. *लिहायला* विम किंवा ईमॅक्स, कुठलाही. *वाचायला* घरातली बाकीची माणसं लिंक्स वापरू शकतील, त्यासाठी सेडची प्रत रात्री आपोआप होऊ द्या. अप्पांची मूळ फाइल तेवढी खरी, प्रत फेकायच्या लायकीची. मग दोन सत्यं होत नाहीत.

---

पार्ल्याचा_विम

अशी मांडणी असेल तर माझी हरकत नाही. प्रतीच्या फोल्डरला लिहायची परवानगीच ठेवू नका, म्हणजे कुणी चुकून तिथे सुधारणा करत बसणार नाही. लिंक्समध्ये ई दाबलं की समोरची फाइल एडिटरमध्ये उघडते, तेव्हा धोका आहेच.

---

गिरगावची_सून

सध्याची स्थिती सांगते, पुढे कुणाला उपयोग होईल.

नावं स्मॉल केली. चाळीस फायलींच्या प्रती काढून टीआर चालवलं, पाऊण गेले, दुवे उघडतात. (हात लावायचा नाही ही अट अप्पांनी एवढ्यापुरती शिथिल केली, "ते माझं टायपिंगच नव्हतं" म्हणून.) विममध्ये उडी एफ-५वर, परत एफ-६वर आणि नवीन फाइल एफ-७वर बांधली. कीबोर्डवर त्या तीन कळांना रंगीत टिकल्या लावल्यात. ईमॅक्सवाल्यांची क्षमा मागते, अप्पा म्हणाले रोमनच बरं, हात बसलाय.

नवीन फाइलच्या नावाला आता डॉससारखं आठ अक्षरांचं बंधन नाही हे सांगून पाहिलं. ऐकत नाहीत. "आठात बसत नाही ते नाव नीट सुचलेलं नाही." काल ठाकूरद्वारच्या फाइलचं नाव ठरवण्यात संध्याकाळ गेली.

माटुंगा रोड, दादर टीटीची फाइल आहे. अप्पा म्हणतात ती एकटी देणार नाही, तिच्यात चार कंस आहेत, ते इथे कसे उघडणार? पाचही देवनागरीत करून ट्रामच्या वेगळ्या धाग्यात टाकते. वेळ लागेल.

---

बंदरावरचा

तो धागा मी काढतो. ससून डॉकची फाइल असली तर तीही घ्या, सहावी.

---

सातबारा

हसू नका, पण मी पण सुरू केलंय. बाबांच्या जमिनीचे कागद. गावाची एक फाइल, गट नंबरची एक, माणसाची एक. एका फेरफारात तीन माणसं, त्यांतली दोन दुसऱ्या गटात. वर्डमध्ये चिकटवून चालणार नाही हे मान्य.

फेरफार रोमनमध्ये बरोब्बर आठ अक्षरं होतंय!

---

मोडेम_मावशी

होतंय, पण मग नंबर कुठे घालणार? फेरफार पन्नास असतील. दोन अक्षरांवर आणा, पुढचे सहा आकड्यांना ठेवा. आणि माणसांच्या फायलींना आडनाव लावू नका, एका गटात सगळे एकाच आडनावाचे निघतात.

---

सातबारा

नावंही सारखीच आहेत हो. आजोबा आणि नातू दोघेही गणपत.